अजून चार बोटे

टेढी मावशी दर वर्षी फाल्गुन लागला की रामाच्या देवळातल्या अशोकाला लाथ मारीत असत. लाथ म्हणजे जोराची नव्हे. झोपलेल्या मुलाला आई कामाच्या घाईत पायानेच हलवते, तसा डावा तळवा त्या बुंध्याला टेकवीत. पण वेळ मात्र हेरून ठेवीत. सकाळची पूजा आटोपून देवळाचे पाचही पंच ओसरीवर बसलेले असले म्हणजे मगच मावशी अंगणात येत. सुंदर तरुणीच्या पैंजण घातलेल्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, असा कवींचा जुना संकेत आहे, आणि त्यावरचे श्लोक प्रत्येक पंचाला पाठ होते. मावशी पंचेचाळिशीच्या, केशवपन केलेल्या, विटके आलवण नेसलेल्या आणि अनवाणी. त्यांचा पाय झाडाला लागताच पंच माना फिरवीत. पुढे पंधरा-वीस दिवसांत झाड शेंदरी गुच्छांनी भरून जाई. "पैंजणं नाहीत म्हणून या झाडानं कधी नखरे केले नाहीत," मावशी म्हणत. "नखरे सगळे श्लोकवाल्यांचे."

त्यांचे खरे नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होते. 'टेढी' हे नाव दूधवाल्याने दिले. एकदा मावशींनी त्याच्या चरवीत बोट बुडवून, ते डोळ्यांपुढे धरून, गंगाजी आज कोणत्या घाटावरून आणल्या असे त्याला विचारले, तेव्हा तो चरवी उचलून बडबडत गेला, "ई माई बड़ी टेढ़ी हैं." काशीतल्या दूधविनायकापासून बालाजी घाटापर्यंतच्या आम्हा मराठी घरांत हे नाव संध्याकाळच्या आत पोचले. मावशींना ते आवडले. सरळ बांबूची लोक शिडी करतात, टेढ्याला कोणी हात लावीत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मी सून म्हणून काशीला आले तेव्हा अठरा वर्षांची होते. माझे वडील जबलपूरला हेडमास्तर होते आणि त्यांनी मला मुलासारखे शिकवले होते. इंग्रजी सहा पुस्तके झाली होती. निघताना आईने लुगड्याच्या घड्यांबरोबर एक सल्लाही बांधून दिला: सासरी इंग्रजी दाखवू नकोस. तो पाळणे मला अवघड गेले नाही, कारण मी मराठीसुद्धा क्वचितच दाखवीत असे. मामंजी मोठे शास्त्री, देवळाच्या पंचांत पहिले. हे नोकरीसाठी ग्वाल्हेरला. घरात कोणी काही विचारले की मी मान हलवून उत्तर देई. मावशींनी मला पहिल्यांदा पाहिले ते देवळाच्या पायरीवर. कुणाची गं तू, असे त्यांनी विचारले, आणि मी आमच्या घराच्या दिशेने मान वळवली. त्या म्हणाल्या, "मुंडी बैल हलवतो. तू तोंडानं बोल."

मावशींकडे विरजण मागायला जाणे ही आमच्या भागातली एक रीत होती. सून फिकट दिसू लागली, चालताना भिंतीचा आधार घेऊ लागली, की सासू तिच्या हातात वाटी देऊन म्हणे, जा, मावशींकडून विरजण घेऊन ये. घरात दह्याचे मडके भरलेले असले तरी असेच म्हणे. बायकांच्या त्या दुखण्याला आमच्याकडे नाव नव्हते. ते वैद्याला सांगायचे नसे, नवऱ्याला तर नाहीच. मावशी वाटी घेत, चेहऱ्याकडे पाहत, दोन प्रश्न विचारीत, आणि देवळाला लागून असलेल्या आपल्या खोलीत अशोकाची साल दुधात आटवून तीच वाटी भरून देत. पहिले मूल पोटातच गेले त्या वर्षी मीही ती वाटी घेऊन गेले होते. एकवीस दिवस प्याले. त्या कडवट, तुरट दुधाची चव आजही जिभेच्या मुळाशी आहे.

साल काढण्याचा त्यांचा नियम कडक होता. बुंध्याला हात लावायचा नाही. मनगटाएवढी फांदी पाहायची, तिच्या एकाच बाजूने दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब एवढीच पट्टी उतरवायची, आणि जखमेवर शेणमाती लिंपायची. त्या फांदीला मग तीन वर्षे विसावा. कोणती फांदी कोणत्या बाईसाठी सोलली हे मावशींच्या पक्के ध्यानात असे. अंगणातून जाताना त्या सहज वर बोट करीत: ही तुझी फांदी, ती भिंतीकडची तुझ्या सासूबाईंची. सासूबाईंनाही कधीकाळी विरजण लागले होते हे मला त्या बोटामुळे कळले.

मावशींचे माहेर कोकणात, एका ओढ्याच्या काठी. वडील वैद्य होते. ओढ्याच्या सावलीत अशोकाची झाडे होती आणि त्यांच्या लोंबत्या तांबूस पालवीखाली त्या खेळल्या होत्या. बाराव्या वर्षी नवरा गेला, तेराव्या वर्षी सासरच्यांनी काशीयात्रेला म्हणून आणले आणि येथेच ठेवून ते परत गेले. "माणसांत ओळखीचं कुणी नव्हतं," त्या सांगत. "झाडांत एक निघालं." ते झाडही कोकणातलेच असावे. पेशवाई बुडाली त्या सुमारास कोणी भिक्षुक पोथीच्या बासनात शेंग बांधून घेऊन आला, अशी गोष्ट होती. ती शेंग मावशींनी मला दाखवली, चपटी, जांभळट, विळ्याच्या पात्यासारखी. आपल्या तूर-हरभऱ्याची ही थोरली बहीण आहे, असे त्या म्हणाल्या. एवढे मोठे झाड, पण बी डाळीसारखी दोन फाकांत उघडते.

चैत्र शुद्ध अष्टमीला, रामनवमीच्या आदल्या दिवशी, अशोकाच्या आठ कळ्या पाण्यातून घ्याव्यात आणि शोक दूर होण्याची प्रार्थना करावी, असे शास्त्र आहे. त्या दिवशी आमची सगळी मराठी वस्ती देवळात लोटे. कळ्या तोडीत मावशी, पण लोकांना देई तो पुजारी, कारण सोवळ्या झालेल्या बाईच्या हातून शोकहरण कसे घ्यायचे, असा पंचांचा पेच होता. एकदा मावशींनी मामंजींना विचारले, "शास्त्रीबुवा, तुमच्या श्लोकातला अशोक कधी फुलतो?" मामंजी म्हणाले, वसंतात. "आणि आपला?" मामंजी वर पाहू लागले. माघ संपत होता. चाळीस वर्षे ते त्या झाडाखाली बसत आले होते, आणि बुंध्यालगत दोन गुच्छ आधीच उमलले होते.

पहिली मोठी लढाई सुरू झाली आणि विलायती औषधे येणे थांबले. देशी औषधांना एकदम भाव आला. अशोकाच्या सालीचे काढे बाटल्यांत भरून विकले जाऊ लागले, आणि साल गोळा करणारे ठेकेदार गावोगाव हिंडू लागले. असा एक ठेकेदार आमच्या गल्लीत आला. कलकत्त्याहून इथवरच्या बागांतले अशोक सोलून झाले, आता शोधूनही सापडत नाहीत, हे तो कौतुकाने सांगत होता. पंचांनी त्याला आधी नकार दिला. तेव्हा त्याने कोटाच्या आतून एक कागद काढला. जाड कागद, वर सिंहाचा छाप, खाली शिक्का आणि सही, मजकूर इंग्रजी.

पंच पाच होते. त्यांना मिळून चार वेद, सहा शास्त्रे आणि निदान चार लिप्या येत होत्या. तामिळ ग्रंथलिपीतली पोथीसुद्धा त्यांच्यातला एक जण वाचीत असे. इंग्रजी मात्र कोणालाच येत नव्हते, आणि येत नाही असे ठेकेदारासमोर म्हणायला कोणी तयार नव्हते. मामंजींनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि शिक्क्यापाशी येऊन मान डोलावली. सरकारचा हुकूम आहे, असे ठरले. कागद आमच्या घरी आला आणि देवघराच्या कोनाड्यात, पंचांगाच्या खाली ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी मी कोनाडा पुसायला गेले. कागद उलगडलेलाच होता. मिर्झापूरच्या दक्षिणेकडच्या सरकारी जंगलातून साल, डिंक आणि लाख गोळा करण्याचा तो परवाना होता. काशीचे त्यात नावही नव्हते. मी तो दोनदा वाचला, पंचांगाखाली होता तसा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळू लागले. सांगायचे म्हणजे मामंजींसमोर उभे राहून, मला इंग्रजी येते आणि आपल्याला येत नाही, असेच म्हणणे होते. आज सांगेन, उद्या सांगेन, असे म्हणत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सांगण्यासारखे काही उरले नाही.

ते कार्तिकाचे दिवस. पहाटे सारी वस्ती स्नानाला पंचगंगा घाटावर जाई. मावशी परत येईपर्यंत ठेकेदाराच्या माणसांनी बुंधा सोलून काढला होता. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत साल उतरली होती. झाड देवळाच्या भिंतीला अगदी लागून असल्यामुळे मागच्या बाजूला कोयता पोचला नाही, तेथे वीतभर रुंदीची एक पट्टी तेवढी शाबूत राहिली. उघडे पडलेले लाकूड ओले आणि पांढरे होते, आणि पाहता पाहता तांबडे होत होते. मी पाण्याला निघाले होते, ती देवळाच्या दारातच थांबले. मावशींनी ओरडा केला नाही. गंगाजलाचा लोटा पायरीवर ठेवला आणि, अंगावर ओले आलवण तसेच, सरळ आमच्या घरी आल्या.

मामंजी पाटावर बसले होते. मी मागच्या दाराने येऊन दाराआड उभी राहिले.

"कुणाच्या सांगण्यावरून?" मावशींनी विचारले.

सरकारचा हुकूम आहे, आपल्या हाती काय आहे, असे मामंजी म्हणाले.

"हुकूम वाचला कुणी?"

कागद वाचण्यासाठी नसतो, शिक्का कोणाचा ते पाहायचे असते, असे काहीसे मामंजी म्हणाले. मावशी उंबऱ्यावर उभ्या होत्या आणि त्यांच्या आलवणातून पाणी गळत होते. "पाच शास्त्री," त्या म्हणाल्या, "आणि एका कागदाला घाबरलात. माझी पोर असती तर तिला या विलायती रेघोट्यासुद्धा वाचायला लावल्या असत्या." दाराआड उभी असलेली पोर ते ऐकत होती.

मी त्यांच्या मागोमाग देवळात गेले. कोणाला विचारून गेले नाही. तसे मी आयुष्यात पहिल्यांदाच केले. मावशी शेण आणि गंगेची माती कालवीत होत्या. मी म्हणाले, "मावशी, मी वाचला होता. त्यात काशीचं नाव नव्हतं." आणि मला रडू फुटले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मला वाटले, आता त्या मला त्या अंगणातून कायमचे घालवतील.

"रडायला मला सवड नाही," त्या म्हणाल्या. "पदर खोच. त्या बाजूनं लिंपायला घे. लाकूड सुकलं की संपलं."

आम्ही दोघींनी दुपारपर्यंत बुंधा लिंपला. लिंपलेले जागेवर राहावे, ओल टिकावी म्हणून वर काही गुंडाळणे जरूर होते. मावशींकडे दोन आलवणे होती, एक अंगावर आणि दुसरे खोलीत दोरीवर वाळलेले. कोरडे त्यांनी आणले, मधून फाडले आणि बुंध्याला गच्च गुंडाळून दोरीने बांधले. स्वतः संध्याकाळपर्यंत ओल्यातच होत्या. काम संपल्यावर हात धुताना त्या मला म्हणाल्या, "वाचता येतं ना तुला? मग वाचून दाखव. मला नको, त्यांना." मी मान हलवली. या खेपेला त्या बैलाचे काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पंच जमले ते त्या आलवणासाठी. सोललेल्या झाडापेक्षा नेसवलेल्या झाडाने ते अधिक अस्वस्थ झाले होते. देवळाच्या अंगणात, रामापुढे, झाडाला विधवेचे वस्त्र; हा अपशकुन आहे, ते आत्ता सोडा, असा त्यांचा आग्रह. मावशी झाडाला पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कुणाचं काही काढून घेतलंत की मागून हेच नेसवता. मला नेसवलंत, मी याला नेसवलं. सोडायचं असेल तर आधी साल आणून चिकटवा." आलवणाला कोणी हात लावला नाही. सोवळे मोडले असते.

नेमका तो पंधरवड्याचा दिवस होता. रामधनी न्हावी आपली पेटी घेऊन मावशींचे डोके करायला आला होता आणि सारे ऐकत दाराशी उभा होता. तो मावशींच्याच वयाचा, मितभाषी. तीस वर्षे त्यानेच ते डोके केले होते. मावशी त्याच्याकडे वळल्या. "रामधनी, पेटी बंद कर. पेड़ की छाल आ जाए, तब आना."

"माई, छाल आने में तो बरसों लगेंगे," तो म्हणाला.

"तो बरसों बाद आना."

त्या रात्री मी वहीतला एक कोरा कागद घेतला आणि परवान्याचा अर्थ शब्दाला शब्द लावून बाळबोध अक्षरात लिहिला. खाली नाव घातले नाही. तो मामंजींच्या पोथीत, दुसऱ्या दिवशी वाचायच्या अध्यायावर ठेवला. सकाळी त्यांनी पोथी उघडली, बराच वेळ पान उलटले नाही, आणि मग नेहमीच्या आवाजात वाचायला लागले. कोनाड्यातला शिक्क्याचा कागद त्या दिवसापासून दिसला नाही. घरात असे अक्षर एकाच व्यक्तीचे असू शकत होते. पण त्याविषयी ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही.

मावशींच्या डोक्यावर आधी करडी लव आली, मग खुंट, मग फाल्गुनापर्यंत बोटभर केस. त्याबरोबर एकेक दार बंद होत गेले. देवळाच्या गाभाऱ्यापाशी येऊ नका. नैवेद्याची भांडी घासू नका. श्राद्धाच्या पत्रावळी त्या लावीत असत, त्या कोणी मागेनासे झाले. केस वाढवलेल्या विधवेच्या हातचे पाणी घेणाऱ्या घरावर पंचांची नजर राहील, असा निरोप फिरला. मावशी सकाळी पंचगंगेवरून वर येत तेव्हा समोरून येणारे भिक्षुक भिंतीला लागत, आणि त्या मुद्दाम पदर मागे सारीत. "बघा, बघा," त्या म्हणत, "फुकटचं दर्शन आहे." एका सोवळ्या शेजारणीने आपले जुने आलवण त्यांच्या दारात गुपचूप टाकले होते, तेवढ्यावर त्यांनी ते वर्ष काढले.

रामधनी मात्र पंधरवड्याला येतच राहिला. पेटी घेऊन झाडाखाली बसे आणि विचारी, "छाल आई, माई?" मावशी म्हणत, नाही आली. मग तो गूळ-पाणी घेई आणि जाई. पंचांनी त्याला हटकले, तेव्हा तो म्हणाला की आपण कामालाच जातो, माई तयार नसेल तर आपण काय करावे.

फाल्गुनात मावशींनी झाडाला लाथ मारली नाही. आजारी माणसाला उठवीत नाहीत, असे म्हणाल्या. झाडाची समोरची बाजू सुकून गेली होती. भिंतीकडच्या तीन-चार फांद्या तेवढ्या हिरव्या होत्या. चैत्र लागला आणि त्या फांद्यांवर कळ्या आल्या. दर वर्षीच्या मानाने अगदी मोजक्या. अष्टमीच्या आदल्या दिवशी पंचांनी सांगून ठेवले की या वर्षी कळ्या घ्यायच्या नाहीत. झाड अमंगळ, देणारी त्याहून अमंगळ.

अष्टमीच्या सकाळी मी स्नान करून देवळात गेले. पुजारी आत गाभाऱ्यात होता, पंच ओसरीवर होते, अंगण मोकळे. मावशी झाडाखाली पळसाच्या पानावर कळ्या घेऊन एकट्याच बसल्या होत्या. ओसरीपासून झाडापर्यंत वीस पावले असतील. ती मी कशी चालले ते मला आठवत नाही. मामंजींचे डोळे पाठीवर होते एवढेच आठवते. मी पुढे ओंजळ धरली. मावशींनी आठ कळ्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या, आपल्या लोट्यातले पाणी घातले, आणि मी ते सर्वांदेखत प्याले. मागे वळून पाहते तो सासूबाई उभ्या. त्यांच्या हातात वाटी होती.

"विरजण पाहिजे होतं," त्या मोठ्याने, ओसरीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या वाटीत आठ कळ्या टाकल्या. त्या सासूबाईंच्याच फांदीवरच्या होत्या. मग दारातून दुसरी वाटी आली, तिसरी आली. घटकाभरात अंगणात पंचवीस-तीस बायका वाट्या घेऊन उभ्या होत्या, आणि प्रत्येकीला विरजण पाहिजे होते. मोजक्या कळ्या आठ-आठ कशा पुरणार? मावशींनी मग चार-चार दिल्या, शेवटी दोन-दोन. कोणी तक्रार केली नाही. पंच एकेक करून उठून गेले. कोणाची बायको होती, कोणाची बहीण. त्यानंतर पाण्याच्या निरोपाची आठवण कोणी काढली नाही.

झाड जगले. दोन्ही कडांनी नवी साल ओठांसारखी जाड होत आतल्या बाजूला सरकू लागली. दर पावसाळा संपला की आम्ही दोघी आलवणाचे गुंडाळे सोडून उघडे लाकूड किती राहिले ते बोटांनी मोजत असू. पहिल्या वर्षी ते हातभराहून जास्त होते. मग हातभर झाले, मग दीड वीत, मग वीत. त्या आठ वर्षांत मावशींनी कोणालाही सालीचा तुकडा दिला नाही. बायकांना त्या अशोकाऐवजी लोध्राची साल आणायला सांगत, आणि बाजारात अशोक म्हणून मिळते ती साल भलत्याच झाडाची आहे, ती घेऊ नका, म्हणून बजावीत. शेंगा धरल्या की बिया घरोघर वाटून देत. पुष्कळ बिया रुजल्या नाहीत, काही रुजून काशीच्या उन्हाळ्यात गेल्या. मावशींचे केस पाठीवर आले होते, निम्मे पांढरे. त्या वेणी घालीत नसत. गाठ मारीत.

आठव्या वर्षी माघात त्या तापाने गेल्या. शेवटच्या दोन दिवसांत त्या फारसे बोलल्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, "किती राहिलं?" मी चार बोटे दाखवली. त्यांनी ती आपल्या मुठीत धरली आणि डोळे मिटले.

त्यांना उचलायचे म्हणून पंच जमले. जिवंतपणी जे झाले ते झाले, पण अंत्यसंस्कार या स्थितीत होणार नाही, आधी वपन झाले पाहिजे, असे त्यांनी एकमताने ठरवले. रामधनीला बोलावणे गेले. तो आला आणि पेटी न उघडता उभा राहिला. एक पंच त्याला म्हणाले, चला, उशीर होतो आहे. तो झाडाकडे पाहत राहिला.

मी झाडापाशी गेले. गुंडाळे सोडले. उघड्या लाकडावर माझी चार बोटे आडवी ठेवली, सगळ्यांना दिसतील अशी. घरात येऊन मला बारा वर्षे झाली होती आणि चार पुरुषांदेखत मी मामंजींशी कधी बोलले नव्हते.

"मामंजी," मी म्हणाले, "अजून चार बोटं राहिली आहेत."

मग एक पंच हसल्यासारखे करून म्हणाले, हे कोणी मोजले आणि कोणी पाहिले? मामंजी तेव्हा बरेच थकले होते. काठीवर भार देऊन ते उठले.

"आमच्या सूनबाईंनी मोजलं आहे," ते म्हणाले. "त्या नीट वाचतात." आणि रामधनीकडे वळून, "जाओ."

मावशी मणिकर्णिकेवर गेल्या त्या आपल्या केसांनिशी.

त्यानंतर मामंजी गेले, सासूबाई गेल्या. हे ग्वाल्हेर सोडून परत आले आणि काही वर्षांनी त्यांचेही बोलावणे आले. मी तेव्हा चाळिशीला आले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवीत होते. दहाव्या दिवशी भावोजींनी, घराण्याची रीत आहे, लोक काय म्हणतील, असे सांगून न्हाव्याला बोलावणे पाठवले. माझे मत कोणी विचारले नाही. मी आतल्या खोलीत बसून होते, तोच दाराशी पेटी ठेवल्याचा आवाज आला.

रामधनी फार म्हातारा झाला होता. तो जिना चढून आला म्हणून धापा टाकीत होता. मुलाला न पाठवता तो स्वतः आला होता. येताना तो देवळावरूनच आला असणार. आमच्या घराकडे यायला दुसरी गल्ली नाही, आणि त्या झाडाखाली घटकाभर टेकल्याशिवाय तो कधी पुढे जात नसे. मागच्या पावसाळ्यानंतर मी गुंडाळे सोडले तेव्हा दोन्ही कडा एकमेकींना मिळाल्या होत्या. वरपासून खालपर्यंत नुसती एक शिवण राहिली होती. मी ते गुंडाळे परत बांधले नव्हते.

भावोजी मागे उभे होते. रामधनीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "छाल आई, बहूजी?"

"नाही आली," मी म्हणाले.

"हम भी यही देखे हैं," तो म्हणाला, आणि पेटी उचलून जिना उतरू लागला.